अर्ध्या खिडकीचा रंग

आमच्या समोरचे अंबादासराव, म्हणजे गल्लीचे अण्णा, मागच्या दिवाळीपासून घराबाहेर पडताना कापडी पिशवीत ॲल्युमिनियमचे पाच तुकडे घेऊन निघतात. भाजीला गेले तरी, दाढीला गेले तरी. वीतभर लांबीचे, पाच रंगांचे तुकडे. ओळखीचं कुणी दिसलं की हात पिशवीत जातो, एक तुकडा डाव्या हातात येतो, एक उजव्या हातात, आणि मग हुकूम सुटतो, "अभिप्राय द्या."

अभिप्राय दिला की तुम्ही फसलात. कारण तो चुकीचा असतो, आणि तो का चुकीचा आहे हे ऐकून घेतल्याशिवाय सुटका नसते. एकदा मी मंडईतून येताना सापडले. भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध. घरी पोचेस्तोवर माझ्या कोथिंबिरीनं मान टाकली होती.

या माणसाची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. समोर आलेला कागद पुढे सरकू द्यायचा नाही, हे तिथलं शिक्षण. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण सवय काही निवृत्त झाली नाही. आता कागद नाहीत तर खिडक्या घेतल्या.

झालं होतं काय, की त्यांच्या घराच्या लाकडी खिडक्यांना वाळवी लागली. लागू दे, सगळ्यांनाच लागते. माणूस खिडक्या काढतो, नव्या बसवतो, मोकळा होतो. अण्णांनी निम्मं काम झटपट केलं. चार खिडक्या चौकटीसकट उपटून काढल्या. नव्याचा रंग ठरेना, म्हणून भोकांवर फ्लेक्स ठोकले. हे फ्लेक्स त्यांनी कुठून पैदा केले देव जाणे. तीन खिडक्यांत तीन पुढारी हात जोडून उभे, वाढदिवसाच्या शुभेच्छा घेत. चौथीत एका क्लासची गुणवंत पोरं, प्रत्येकाच्या गळ्यात हार आणि खाली टक्केवारी. लातूरला असल्या फ्लेक्सची कमी नाही, मान्य. पण मी सकाळी चहाचा कप घेऊन पुढच्या दारात बसले की समोरून सतरा माणसं माझ्याकडे बघून हसतात. दहा महिने मी हे सोसते आहे.

रंगांचं म्हणाल तर पाचच आहेत. पाचात माणूस अडकतो कसा, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

"पांढरा घ्या," मी म्हणाले.

"दवाखाना वाटतोय बाई."

"मग तपकिरी."

"वाळवीला वाटंल लाकूड हाय. पुन्हा येईल."

"ॲल्युमिनियमला वाळवी लागते होय?"

"तिला कुठं माहीत हाय ॲल्युमिनियम म्हणून?"

काळा अशुभ. राखाडी बघितला की स्मशानातून आल्यासारखं वाटतं, आंघोळ करावी लागेल. राहिला पाचवा, फिकट सोनेरी, दिसायला खरंच चांगला. पण त्याचं दुकानातलं नाव शॅम्पेन. अण्णांनी कुणाला तरी त्याचा अर्थ विचारला आणि दोन दिवस तो तुकडा घरात घेतला नाही, बाहेर तुळशीपाशीसुद्धा नाही, पार फाटकाजवळ ठेवला. "माझ्या बापानं आयुष्यात सुपारी खाल्ली न्हाई, अन् त्याच्या घराला दारू लावू का?"

काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, हे सगळं ऐकत चहा आणतात. एकदा मला म्हणाल्या, "मला बघायला आले तर पोहे खाऊन गेले, अन् वर्षभर होय न्हाई की न्हाई न्हाई. माझे वडील मुरुडहून चकरा मारू मारू दमले. खिडकीचं काय घेऊन बसलात?"

"घाई करून राहिलात तुम्ही लोक," अण्णा आतून ओरडले.

औशाला एका नातेवाइकाच्या दहाव्याला गेले, तिथंही पिशवी. माणसं रडताहेत, आणि हे उठून त्यांच्या खिडकीवर बोटानं टकटक वाजवताहेत. गेलेल्याच्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, हा रंग किती पावसाळे टिकला. त्या पोराला वाटलं काहीतरी सांत्वनाचं विचारतील. काकू शरमेनं अर्ध्या झाल्या.

खिडक्या करणारा इलियासभाई तर त्यांच्या दारावरून जाताना आता गाडीचा वेग वाढवतो. एकदा अण्णांनी अडवलाच. "अण्णा, कलर बोलो ना," तो बिचारा हात जोडून म्हणाला. "मेरे पास दूसरे लोगां भी हैं." अण्णा म्हणाले, विचाराधीन हाय.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या घरात. सांगते. त्या घरात एक खिडकी अशी आहे की तसली दुसरी मी उभ्या जिल्ह्यात बघितली नाही.

घर अण्णांच्या वडिलांनी बांधलं. ते गेल्यावर अण्णा आणि धाकटा भाऊ दिनकर, दोघांत वाटणी झाली. बरोबर निम्मं निम्मं. पंच बसले, टेप लावला, मधून रेघ मारली, आणि ती रेघ पुढच्या बैठकीच्या खिडकीच्या नेमकी मधोमध आली. शहाण्या माणसांनी काय केलं असतं? खिडकी एकाला दिली असती, दुसऱ्याला आणखी काही. पण दोघंही आपलं निम्मं सोडायला तयार नाहीत. मग पंचांनी खिडकीचीच वाटणी केली. एक झडप अण्णांची, एक दिनकररावांची. मधल्या उभ्या लाकडापर्यंत आतून विटांची भिंत घातली. आजही बाहेरून बघितलं तर एक खिडकी, आतून दोन घरं. कुणी नवा पाहुणा आला की आम्ही त्याला आवर्जून दाखवतो.

तेही एक वेळ चाललं असतं. पण त्या दिवशी टेपचं एक टोक दिनकररावांच्या हातात होतं. माप झालं, आणि अण्णा चार लोकांत म्हणाले, "याच्या मोजण्यावर भरवसा न्हाई, पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं. दिनकररावांनी टोक खाली ठेवलं आणि आत गेले. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. एका भिंतीला पाठ लावून दोघं जेवतात, पण बोलत नाहीत. दिनकररावांनी त्यांची झडप लावून घेतली ती पुन्हा उघडली नाही.

तर ही पाचवी खिडकी. वाळवी तिलाही लागली, दोन्हीकडून, वाळवीला वाटणी माहीत नाही. पण चौकट एकच. इलियासभाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, निकालनी तो पूरी निकालनी, अर्धी निघत नाही. म्हणजे दिनकररावांना विचारायला हवं. ते सोडून अण्णा साऱ्या लातूरला विचारत सुटले. न्हाव्याला विचारलं, पोस्टमनला विचारलं, सिलिंडर घेऊन येणाऱ्याला विचारलं.

"ती राहू द्या तशीच," मी शंभरदा सांगितलं. "चार तरी बसवा."

"चार एका रंगाच्या अन् मधली कुजकी? घराचं तोंड हाय बाई ते!"

तोंड म्हणे! त्या तोंडावर तीन पुढारी चिकटवलेत त्याचं काही नाही.

आणि बोलणं कसं, तर रस्त्यात उभं राहून, घसा फाडून. मी दोन हातांवर उभी असते, पण "बाई, हा तपकिरी बघा, उन्हात कसा दिसतोय!" हे पार चौकात ऐकू जावं अशा आवाजात. मी एकदा म्हणालेही, की अण्णा, मी शाळेतून निवृत्त झाले आहे, बहिरी झालेली नाही. तर म्हणाले, सवय हाय.

मग भादवा आला. महालक्ष्म्या तोंडावर आल्या आणि पावसानं दोन दिवस झोडपलं. वाऱ्यानं गुणवंत पोरांचा फ्लेक्स फाटला आणि पाणी सरळ आत, कोठीच्या खोलीत. काकूंनी महालक्ष्म्यांचे मुखवटे, साड्या सगळं पलंगावर काढून ठेवलं होतं. ते भिजलं. काकू पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी हे बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"झालं समाधान?" मी अण्णांना धरलं. "घरात लक्ष्म्या यायच्या, अन् तुम्ही तुकडे नाचवत फिरा! रंग रंग रंग! एका माणसाला विचारायचं आहे, तेवढी छाती नाही तुमची. आत्ता जाते मी, दिनकररावांना विचारून येते, कुठला रंग पाहिजे ते."

मी दाराकडे वळले. अण्णा आडवे आले. एवढा तोंडाळ माणूस, पण ओरडले नाहीत.

"नका जाऊ बाई," ते म्हणाले. "तुम्ही विचारलं तर तो तुम्हाला सांगंल. मला कुठं सांगंल?"

मी थांबले. काकूंनी पदर खाली घेतला.

"रंगाचं काय हो," अण्णा म्हणाले, "कुठलाबी चालतोय. लहानपणी ह्या घराला रंग द्यायचा म्हटलं की तोच निवडायचा. आमचे वडील त्यालाच विचारायचे. त्याला लई कळतंय त्यातलं. मला वाटलं, दारातूनबी, गावातूनबी त्याच्या कानावर जाईल, ऐकून ऐकून त्याला राहवणार न्हाई. एवढे चुकीचे रंग बोलतोय मी, कधी तरी म्हणंल, अरे गप, तुझं काय चाललंय." आणि भिंतीकडे हात केला. "हाय आत. खोकलतो. ऐकू येतंय सगळं."

म्हणजे दहा महिने हा माणूस माझ्याशी बोलतच नव्हता. न्हाव्याशी नाही, पोस्टमनशी नाही, कुणाशीच नाही. माझी कोथिंबीर वाळली ती याच्यासाठी. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटायला लावलं म्हणून त्यांचा रागही आला. मी काकूंबरोबर साड्या पिळायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. बघते तर अण्णा हजर, मधल्या खिडकीसमोर, दोन्ही हातांत तुकडे. मी चहा तसाच ठेवला, चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"अभिप्राय द्या बाई," अण्णा म्हणाले. आज आवाज जरा उतरलेलाच होता.

मग मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचे तो आवाज काढला. "मला तर बाई काहीच कळेना! तपकिरी चांगला वाटतोय! शेजारपाजारच्यांनी तरी किती सांगायचं? घराच्या माणसाला कळतंय ते आम्हाला कुठून कळणार? तपकिरीच लावून टाका आजच्या आज!"

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. गल्लीत दोन-तीन दारं उघडली. उघडायला नको होती ती सगळी उघडली. मी तशीच उभी. आता उभी राहिले होते तर काय करणार?

मग खिडकीच्या पलीकडच्या बाजूला कुणीतरी आतून बुक्की मारली. झडप पावसानं फुगली होती, हलेना. आणखी एक बुक्की बसली, वाळवीचा भुगा खाली सांडला, आणि ती चार बोटं उघडली. आत अंधार होता. चष्म्याची एक काच तेवढी दिसली.

मला वाटलं, आता अण्णा अभिप्राय मागतील. पण ते दोन तुकडे छातीशी धरून त्या फटीकडे बघत उभे राहिले.

"तपकिरी काय लावतो रे," आतून आवाज आला. बऱ्याच वर्षांत न वापरलेला, जाड. "तो दुसरा वर धर जरा. दिसंना गेलाय."

अण्णांनी दोन्ही हात वर केले.