दारं शोधणारे तुकोजीमामा

आमचे तुकोजीमामा कोणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी घराला एक वळसा घालायचे. बारसं असो की बारावं, आधी वळसा. मागची दारं किती, कडी आतून की बाहेरून, खिडक्यांना गज आहेत की नाहीत, हे सगळं बघून झालं की मगच आत येऊन रामराम करायचे. त्यांचा सगळीकडे एकच प्रश्न असे, "दारी एल्ली?" कानडीत दारी म्हणजे वाट, म्हणजे वाट कुठाय. मराठीतलं दार आणि कानडीतली दारी मामांच्या तोंडात केव्हाच एक होऊन गेली होती.

आता आमचे म्हैसूरचे मराठे म्हणजे प्रत्येकाचा आजोबा घोड्यावर बसून लढलेला. मामांच्या आजोबांची तर तलवार भिंतीवर होती. आणि नातू हा असा. लग्नात जेवायला बसणार तर दाराजवळचं पान धरून. नाटकाला जाणार तर शेवटच्या रांगेत, अर्धे बाहेरच. नातेवाईक त्यांना 'पुक्कल' म्हणायचे, म्हणजे भित्रा. नऊ वर्षांची होते मी तेव्हा, आणि खरं सांगते, मला त्यांची लाज वाटायची.

एका रविवारी माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आई, मामा आणि मला जटक्यात, म्हणजे घोडागाडीत, घातलं आणि बन्नूरच्या वाटेवरचा एका जुन्या गोऱ्या साहेबाचा बंगला बघायला नेलं. साहेब जाऊन किती वर्षं झाली कोण जाणे. सरकारनं रखवालदार ठेवला होता, तो सुट्टीच्या दिवशी लोकांना आत सोडायचा. आम्ही उतरलो, आईनं चित्रान्नाचा डबा खाली ठेवला, आणि मामा निघाले वळसा घालायला. मागं घाणेरीचं हे एवढं रान. मामा त्यात शिरले. अण्णा हसले, रखवालदारसुद्धा हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हटलं, थांबा, आज यांची चांगली जिरवते. सगळे दिवाणखान्यातली हरणांची शिंगं बघत होते. मी सुम्ने, काही न बोलता, टोकाच्या खोलीत शिरले आणि दार ओढून घेतलं. मामा घाबरून शोधत येतील, मग बाहेर उडी मारायची, असा बेत.

दाराचं कुलूप खट् करून आपोआप बसलं.

आत मिट्ट काळोख. खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. वटवाघळांचा घाण वास, आणि पायाखाली काहीतरी भुसभुशीत. मी दार ओढलं, ढकललं, लाथा मारल्या. "आई, आई" करून घसा फोडला. बाहेर आईचा आवाज चिरकत चालला होता. किल्ली म्हैसुरात कचेरीत आहे, असं रखवालदार सांगत होता. दार फोडलं तर माझी नोकरी जाईल म्हणून तो अण्णांच्या पाया पडत होता. अण्णा तरी खांदा देत होते, पण सागवानी दार ते, हलतंय कशाला? मग आई ओरडली, "तुकोजी कुठाय?" आणि अण्णा म्हणाले, "पळाला असेल."

तेवढ्यात माझ्या पाठीमागे, खोलीच्या आतल्या अंगाला, काहीतरी खरवडायला लागलं.

मी ओरडायची थांबले. खर्र, खर्र, मग धप्प. मग श्वास. कोणीतरी जमिनीवरून सरपटत माझ्याकडे येत होतं. साहेबाचं भूत, दुसरं काय असणार? मी डोळे गच्च मिटले.

"बाळ, मी आहे," मामा म्हणाले. "हेदरू नको. म्हणजे, हेदर हवं तर. मीही हेदरलोय. दोघं मिळून भिऊ."

खोलीला लागून न्हाणीघर होतं आणि पाणक्यानं बाहेरून पाणी आणायचं ठेंगणं दार त्याला होतं. घाणेरीत बुडालेलं ते दार मामांनी येताच बघून ठेवलं होतं. मामांनी आतूनच आईला ओरडून सांगितलं, "अक्का, पोर माझ्यापाशी आहे." मला उचलायला गेले आणि खालीच बसले. काट्यांनी फाटलेले हात रक्तानं चिकट लागत होते, आणि अंग असं थरथरत होतं की माझी भीती पळाली.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही नेहमी पळायची वाट बघून ठेवता ना, म्हणून सापडलं."

"पळायची नव्हे गं," मामा म्हणाले. "आत शिरायची."

मग काळोखात त्यांनी मला मामीचं सांगितलं. मोठ्या प्लेगात मामीला गावाबाहेरच्या छपरात नेऊन ठेवलं होतं. दार एकच, त्यावर शिपाई. मामा तीन दिवस बाहेर उभे होते. आतल्या कानडी बायका नवऱ्यांना "री, री" करून हाका मारायच्या. "अहो" म्हणणारी त्या छपरात एकटी मामी. त्यामुळे हाक कोणाला आहे, यात शंकाच नव्हती.

"मागची भिंत झापांची होती," मामा म्हणाले. "नखांनी फाटली असती. सुचलंही होतं. भ्यालो. शिपाई हाकलील म्हणून साधी ओसुद्धा दिली नाही गं मी. तिसऱ्या दिवशी हाक थांबली."

बाहेर आई न्हाणीघराच्या दाराशी येऊन पोचली होती, घाणेरी मोडत होती. मामांनी माझे डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "तू कोणाला हाका मारत होतीस?"

मी आईला हाका मारत होते. सगळ्या बंगल्यानं ऐकलं होतं ते, मामांनीही ऐकलं असणार.

मी म्हटलं, "तुम्हाला."

मामा माझ्याकडे न बघता, त्या काळोखाकडे तोंड करून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "ओ."