गाठ आधी कुणाला दाखवली?

दुर्मिळ आजार दुर्मिळ माणसांनाच होतो, याबद्दल कोल्हापूर जिल्ह्यात कुणाचं दुमत नाही. आणि एकमत झालं की तपासणीची गरज उरत नाही.

डॉ. नुजहत मुजावर यांचं संशोधन सार्कोमावर, म्हणजे स्नायूंत-हाडांत होणाऱ्या दुर्मिळ कॅन्सरवर आहे. ही गाठ सुरुवातीला सहसा दुखत नाही, हा तिचा मोठाच गुण. लवकर आलात तर नुसती गाठ काढून भागतं, उशिरा आलात तर पाय जातो. म्हणून उशिराचं मूळ शोधायला बाईंनी रुग्णांसाठी फॉर्म छापला. प्रश्न चौदा : 'आमच्याआधी गाठ कुणाला दाखवली?' उत्तराला दोन ओळी ठेवल्या होत्या. (अननुभव.) आता पुरवण्या जोडाव्या लागतात.

एकेचाळीस फॉर्मांचा निष्कर्ष असा, की रुग्णामागे सरासरी नऊ सल्लागार असतात. त्यांत तालमीचे वस्ताद, न्हावी, व्याही, एक निवृत्त तलाठी आणि एसटीत शेजारी बसलेलं पावणं. (ते जयसिंगपूरला उतरले, निदान मात्र मागं ठेवून गेले.) सगळ्यांचं म्हणणं शब्दशः एकच : "दुखत न्हाय न्हवं? मग काय नसतंय." वैद्यकशास्त्रात एवढी एकवाक्यता बाईंनी कुठंच पाहिली नव्हती.

जुलैत बाईंच्या स्वतःच्याच दंडात सुपारीएवढी गाठ हाताला लागली. बाईंनी शास्त्रीय विचार केला. शंभर गाठींत एखादीच वाईट निघते. शिवाय ही दुखत नाही. शिवाय डिसेंबरात परिषद, तिथं निबंध वाचायचाय. (विषय : रुग्ण उशिरा का येतात?) आता नोव्हेंबर आहे, गाठ लिंबाएवढी आहे आणि बाई लांब बाह्यांचे कुर्ते घालतात. भीती वाटते, पण फॉर्ममध्ये भीतीला रकाना नाही.

बेचाळिसावे रुग्ण शाहूवाडीचे आकाराम. मांडीत नारळाएवढी गाठ; येत्या गुरुवारी पाय काढायचा ठरलाय. त्यांचा फॉर्म भरता भरता बाईंचा हात दंडाकडं गेला.

"बाई, तितं काय झालंय?"

"काही नाही. बारीक गाठ आहे."

"दुखतीया?"

"नाही."

आकारामनी आपल्या पायाकडं बघितलं. "मग काय नसतंय की. मला नऊ जणांनी सांगितलंय."

बाईंनी कोरा फॉर्म ओढला. वर स्वतःचं नाव घातलं, प्रश्न चौदासमोर 'मी स्वतः' लिहिलं आणि खालच्या मजल्यावर तपासणीसाठी फोन लावला, आजचीच वेळ द्या म्हणून. (एका सल्लागारात भागलेलं हे पहिलंच प्रकरण, अपवाद म्हणून सरासरीतून वगळलं आहे.)

आता तुमचं. वाचता वाचता मघाशी तुमचा हात जिथं गेला होता, तिथं दुखत न्हाय न्हवं? मग काय नसतंय. आम्हाला दहावं धरा.