नाव न घेणारी ठकूमावशी

ठकूमावशीला नवऱ्याला बोलवायचं झालं की ती पळीनं रॉकेलचा रिकामा डबा बडवायची. एकदा बडवला म्हणजे जेवण तयार. दोनदा बडवला म्हणजे कुणी भेटायला आलंय. आणि बडवतच राहिली म्हणजे गणपतरावांचं काहीतरी चुकलंय. आमची खोली भिंतीला भिंत लावून, त्यामुळे गणपतरावांची प्रत्येक चूक मला घरबसल्या कळायची.

आता नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका चिंचवडात काय कमी होत्या? मीही त्यातलीच. पण आम्ही ‘बंडूचे बाबा’ म्हणून वेळ मारून न्यायचो. मावशीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तीही वाट बंद. शिवाय तिचा नेम इतका कडक, की गावच्या देवाचंसुद्धा नाव घेईना. ‘त्या सोंडवाल्याला जाऊन येते गं’ म्हणायची आणि निघायची.

एकदा रेशनकार्डासाठी नवा कारकून आला. त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं. मावशी पदरात तोंड घालून म्हणाली, “भादव्यात येतो बगा, दहा दिस बसतो, मोदक खातो, आन मंग पवना नदीत बुडिवत्यात. त्येच.”

कारकुनानं चेहरा गंभीर केला. “बुडून गेले? कधी हो?”

मावशीनं त्याला जी शिव्यांची लाखोली वाहिली, ती ऐकून तो पुढच्या खोल्या न बघताच परत गेला. आमची सगळ्यांची कार्डं त्यामुळे रखडली. मी वैतागून म्हटलं, “मावशी, अगं नाव घेतलंस तर आभाळ कोसळणार आहे का?”

“नाव घेतलं की मान्साचं आयुष्य सरतं,” ती म्हणाली. “माझ्या आयनं रागाच्या भरात घेतलं व्हतं. वरसाच्या आत बा गेला.”

तिनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

आणि एका सकाळी भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीत पडला तो उठेचना. करपल्याचा वास आला म्हणून मी गेले, तर तोंड डावीकडं ओढलेलं, लाळ गळतेय, आणि नजर माझ्यावर. काहीतरी सांगायचा आटापिटा चाललेला, पण शब्द म्हणून निघेना. मी दारातूनच हाका मारल्या.

मग आळी गोळा झाली. एकीला वाटलं फेफरं, तिनं कांदा फोडून नाकाशी धरला. दुसरीनं चप्पल धरली. म्हाताऱ्या यमुनाबाईंनी निकाल दिला, “अंगावरनं वारं गेलंया. खिडक्या लावा.” खिडक्या लागल्या आणि चुलीचा धूर घरात कोंडला. कुणी अंगाला चोळायला पारव्याचं रक्त आणायला पळालं, कुणी काढ्याची वाटी तिच्या तोंडाला लावली. तिला स्वतःची लाळ गिळता येत नव्हती! मी वाटी हिसकावून घेतली आणि म्हणाले, “वाऱ्यातनं वाचली तर तुमच्या उपचारानं मरेल. व्हा बाहेर.”

गणपतराव खडकीच्या कारखान्यात फिटर होते. निरोप मिळताच सायकल हाणत आले. टांग्यात घालून तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शीर बंद झालीय, औषध असं फारसं नाही. वाचली तर हातपाय हलवत राहा आणि तिला बोलतं ठेवा.

वाचली. घरी आणली. उजवं अंग लाकूड झालेलं. बोलणं नाहीच. आणि एका दुपारी गणपतरावांनी पाण्याचा पेला ओठांशी धरला, तेव्हा ती स्वच्छ म्हणाली, “गणपत.”

सगळे शब्द गेले होते आणि नेमका हाच उरला होता. पाणी हवं, गणपत. माशी बसली, गणपत. मी दिलेली अळणी आमटी आवडली नाही, तरी नाक मुरडून गणपत. मला हसू आवरेना. मग दिसलं, प्रत्येक वेळी शब्द निघाला की ती डाव्या हातानं तोंड दाबते आणि डोळ्यांतून धारा लागतात. आपण नवऱ्याला रोज थोडा थोडा मारतोय असंच तिला वाटत होतं. शेवटी तिनं तोंडच मिटलं. कुणाशी हूं नाही की चूं नाही.

डॉक्टर म्हणाले, अशीच गप्प राहिली तर कायमची मुकी होईल.

गणपतराव म्हणजे घरात आहेत की नाहीत हे कळू नये असा माणूस. ते तिच्यापुढं उकिडवे बसले. “माजं आयुष्य सरतंय न्हवं? सरू दे. मुकी बायको घिऊन शंभर वर्सं काय करू मी? तू बोलत न्हाईस तवर मी जेवत न्हाई.”

आणि खरंच जेवले नाहीत. उपाशीपोटी कामावर गेले, परत येऊन तिची वेणी घातली, तिला पेज भरवली, स्वतः पाण्यावर राहिले. दुसऱ्या संध्याकाळी तिनं डोळे गच्च मिटून म्हटलं, “गणपत.” मग ते जेवले.

त्यानंतर ती बोलत राहिली, रडत रडत का होईना. मी तिच्याजवळ जातं मांडून दळायला बसायची. एके दिवशी मी ओवी अर्धी म्हटली, उरलेली अर्धी तिच्या तोंडून आपसूक आली. त्या वाटेनं मग ‘पानी’ आलं, ‘च्या’ आला, आणि एकदाचं ‘अवो’ आलं. मी आळीत गूळ वाटला.

गणपतराव मात्र पायरीवर मान खाली घालून बसले होते. मी म्हटलं, “आता काय झालं?”

“बरी झाली वो,” ते म्हणाले. “पर आय गेल्यापासनं मला नुस्तं गणपत म्हननारं कुनीच न्हवतं. सवय लागली व्हती.”

मावशी भिंतीला धरून, पाय ओढत दारात आली. तिनं ऐकलं होतं. गणपतराव लाजले, पण म्हणाले, “येकदा म्हन की.”

ती ओठ हलवून बघू लागली. शब्द जुळवत होती.

“न्हाई,” ती वाकड्या तोंडानं म्हणाली. “तुमी हाय तवर न्हाई.”

आणि डाव्या हातानं त्यांचा खांदा धरून हळूच त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.