ऑर्व्हिलची अट आणि अडकलेली पुंगळी

सासऱ्याच्या शिकारीच्या तंबूत जागा मिळावी म्हणून वेन्डेल स्ट्राउड अकरा वर्षं झुरत होता. सासरे ऑर्व्हिल दर ऑक्टोबरात एल्क हरणांमागे मोंटानाच्या डोंगरांत जात, आणि जावयाला तेच ऐकवत: "दुकानातल्या गोळ्या वापरणारा माणूस माझ्या तंबूत झोपत नाही. घरी भर, मग ये!"

यंदा वेन्डेल इरेला पेटला. त्याने वापरलेल्या पुंगळ्यांत पुन्हा बंदुकीची दारू भरून घरीच गोळ्या बनवायचं जुनं दाबयंत्र आणलं, जाड फळीवर घट्ट ठोकलं आणि पॅनकेक खाता खाता माहितीपुस्तिका वाचून काढली. पाक सांडून चौथं आणि पाचवं पान चिकटलं होतं, तेवढं राहिलं. सहाव्या पानावर सगळं समजत होतं, म्हणून त्याने मनाला लावून घेतलं नाही.

वापरलेली पितळी पुंगळी साच्यात दाबली की पुन्हा मापात येते. वेन्डेलने दांडा ओढला. पुंगळी आत गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. त्याने फळीवर उभं राहून जोर लावला, तेव्हा त्याच्या पाठीतून मात्र आवाज आला.

"वंगण लावलं होतंस का?" बायको लोर्नाने विचारलं.

"वंगण? पुस्तकात कुठे लिहिलंय?"

लोर्नाने सुरीने पानं सोडवली. पाचव्या पानावर ठळक अक्षरांत फक्त तेवढंच लिहिलं होतं.

"आज बाबा जेवायला येतायत," ती म्हणाली. "गोळ्या बघायलाच येतायत!"

शेजारचा क्लेटन कुंपणावरून ओरडला, "फ्रीजरमध्ये टाक, लेका! पितळ आकसतं, आपोआप सुटतं. चाळीस वर्षं स्वतः भरतोय मी!"

फ्रीजर गच्च भरला होता, तोही ऑर्व्हिलनेच दिलेल्या गेल्या वर्षीच्या मांसाने. मांस बाहेर आलं, फळीसकट यंत्र आत गेलं. दुपारपर्यंत मांसाचा बर्फ सुटला, पुंगळी नाही सुटली. मग लोर्नाने चार कढया चढवल्या आणि दोन माणसांच्या घरात तीस माणसांचा स्वयंपाक झाला.

"कोण कोण येणार आहे?" ऑर्व्हिलनी टेबलाकडे बघत विचारलं.

"तुम्हीच," वेन्डेल म्हणाला. "तुमच्यासाठी काय वाटेल ते, सर."

ऑर्व्हिल खूश झाले. तिसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि सफरचंदाच्या पायवर आईस्क्रीम हवं म्हणून स्वतःच उठून फ्रीजर उघडला. बराच वेळ ते परत आले नाहीत. वेन्डेल मागून गेला. अकरा वर्षं पाण्यात गेली, असं त्याला वाटलं.

"किती वेळ झाला?" ऑर्व्हिलनी हळूच विचारलं.

"पाच तास."

"माझ्या यंत्रात अडकली त्याला एकतीस वर्षं झाली." त्यांनी दाराकडे पाहिलं. "लोर्नाच्या आईला सांगायचं नाही. गाडीत बस."

साठ मैलांवर, जिथे म्हणे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, अशा दुकानात दोघं शिरले. काउंटरवरची बाई हसली. "ऑर्व्हिल! नेहमीच्या दोन पेट्या ना? गोळ्या घरी भरलेल्या वाटाव्यात म्हणून ओतून न्यायला यंदा जुने गंजके डबेसुद्धा ठेवलेत हं."

मागे रांगेत कुणीतरी खोकलं. क्लेटन होता, हातात गोळ्यांच्या तीन पेट्या.

"मेव्हण्यासाठी," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं?" वेन्डेलने विचारलं.

क्लेटनने पेट्या कोटाखाली दडवल्या.

"जावईबापू, तंबूत तिघं मावतील," ऑर्व्हिल म्हणाले. "यालाही घ्या. बाहेर ठेवला तर गावभर बोलेल."