शमूचा अंत्यविधी, वय महिने आठ

आमच्या मंडळीत माणसाचा अंत्यविधी तो चांगला असतानाच उरकून घेतात. मेल्यावर करायचा म्हटलं तर तोवर तो कसा निघेल याची खात्री कोण देणार? म्हणून आधीच अर्ज करायचा. ‘कुणाची हरकत?’ अशी तीन रविवार पुकार होते, तिसरी पुकार शवपेटीजवळ. कुणी हरकत घेतली नाही की एक गीत, एक प्रार्थना, मूठभर माती, आणि पाळकसाहेब वहीत ‘झाला’ लिहितात. मग पेटीतून उठून घरी जेवायला यायचं. पुढं खरंच मरण आलं की नुसतं नेऊन पुरतात. ज्याचा झालेला नाही त्याला मात्र आमच्या दफनभूमीत जागा नाही. त्यानं ओढ्यापलीकडं, बाभळीत जायचं.

माझा चौदाव्या वर्षी झाला. आमच्या ह्यांचा लग्नाआधी झाला, नाहीतर माझ्या बापानं मला दिलीच नसती. एकदा झालेला काढून घेता येत नाही, त्यामुळं नंतर माणसं जरा सैल वागतात. शेलार मास्तर पंच आहेत, तरी उपासनेत तंबाखू मळतात आणि शेजारणीची अंडी उचलतात. कुणी बोलत नाही. बोलून उपयोग काय, त्यांचा विसाव्या वर्षीच झालाय.

गावात जपून वागणारी एकच, ह्यांची सलोमी आत्या. सत्तरीची आहे. चाळीस वर्षं बँडवाल्या दगडूबाबाबरोबर बिनलग्नाची राहिली, म्हणून दर वर्षी तिसऱ्या पुकारीला मास्तर हरकत घेतात आणि तिचा अर्ज पडतो. बाकी ती कुणाला उलट बोलत नाही. चर्चमध्ये खोकला आला तरी गिळते. यंदा डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो बघितला आणि ते तिच्याशी फार गोड बोलले, तेव्हा तिनं घाईनं अर्ज दिला.

त्याच दिवशी मी आमच्या शमूचा दिला.

“अगं, आठ महिन्यांचं लेकरू ते!” हे म्हणाले.

“म्हणूनच. दोन दात आलेत. परवा पाळकसाहेबांच्या बोटाला चावला. अजून थांबले तर काय काय करून ठेवील?”

“उद्या काय दारू पिणार आहे का?”

“उद्याचं नाही म्हणत मी. पुढचं तुम्ही सांगता का?”

अर्जात ‘वाईट सवयी’ असा रकाना होता. मी ‘अंगठा चोखतो’ असं लिहिलं. पाळकसाहेब म्हणाले, अंगठा चालतो.

तिसऱ्या रविवारी आधी शमूचा नंबर होता, मग आत्याचा. शमूला पेटीत ठेवलं तसा त्यानं टाहो फोडला. तीनदा ठेवला, तीनदा उचलून घ्यावा लागला.

“अर्जदारानं एक गीतभर पडून राहिलंच पाहिजे,” मास्तर म्हणाले.

“मास्तर, अर्जदाराला अजून बसता येत नाही नीट,” मी म्हणाले.

मी त्याला घेऊन पेटीत पडायला निघाले, तर पाळकसाहेबांनी अडवलं. “तुमचा झालाय. दुसऱ्यांदा पेटीत जाता येत नाही.”

ह्यांचाही झालेला. माझ्या सासूचाही. सगळ्या चर्चमध्ये न झालेलं मोठं माणूस एकच होतं.

“दे पोरी इकडं,” आत्या म्हणाली. चपला काढून ती पेटीत आडवी झाली आणि शमूला तिनं छातीवर घेतलं. दोनदा थोपटलं. सकाळपासून डोळा न मिटलेलं माझं लेकरू पटकन झोपलं.

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडलं. “या पेटीत जे कुणी आहेत,” ते कुजबुजले, “त्यांच्या अंत्यविधीला कुणाची हरकत?”

मास्तर उठले. खिशातून त्यांनी हरकतीचा कागद काढला.

“मास्तर,” मी म्हणाले, “त्याचा डोळा आत्ताच लागलाय हो.”

“मग हळू घेतो हरकत.”

“हळू घेता येत नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “मागच्या बाकापर्यंत ऐकू गेली पाहिजे.”

“तर मागच्या बाकावर जाऊन घेतो.”

“मग पुढच्या बाकापर्यंत आली पाहिजे.”

मास्तरांनी पेटीत वाकून बघितलं. शमूची मूठ आत्याच्या पदरात अडकली होती. आत्यानं डोळे गच्च मिटले होते. मास्तरांनी घसा साफ करायला तोंड उघडलं, तसं सगळ्या बायकांनी एकदम ओठांवर बोट ठेवलं.

मास्तरांच्या बायकोनं त्यांचा सदरा खाली ओढला. “बसा. पाच लेकरं झाली, एकाला तरी निजवलंत का कधी?”

मास्तर बसले.

गीत आम्ही तोंड मिटून गुणगुणलो. माती टाकली नाही, पायाशी अलगद ठेवली. पाळकसाहेबांनी वहीत दोनदा ‘झाला’ लिहिलं. लोक चपला हातात घेऊन बाहेर पडले. फाटकापाशी दगडूबाबा उभा होता. ह्यांनी त्याला लांबूनच दोन बोटं दाखवली, तसा तो मटकन खाली बसला आणि तोंडात टोपी कोंबून हसायला लागला.

पाऊण वाजता शमू उठला. मी त्याला उचलून घेतलं. आत्या हलली नाही. मी वाकून कान लावला.

आत्या घोरत होती. भर चर्चमध्ये, पाय पसरून, तोंड उघडं टाकून.

“हाक मारू का?” मी विचारलं.

“राहू द्या,” पाळकसाहेब म्हणाले. “झालाय त्यांचा.”