सगळ्यांचे दात शनिवारी

"भावजी, दवाखान्याचं वेबपान कधी होणार तेवढं सांगा. तुमचं शिक्षण कुठवर आलंय ते नको," वहिनी म्हणाल्या.

भावजी लॅपटॉपमधून डोकं वर काढायला तयार नव्हता. घरात त्याला सगळे शास्त्रज्ञ म्हणत. दुरुस्त करतो म्हणून त्याने एकदा मिक्सर उघडला होता, आणि मिक्सर अजून उघडाच होता. पोटापाण्यासाठी तो पंप विकणाऱ्या एका कंपनीत कारकुनी करायचा आणि उरलेला सगळा वेळ व्हिडिओ बघून वेबपानं बनवायची जावास्क्रिप्ट नावाची भाषा शिकायचा.

वहिनी दातांच्या डॉक्टर. इतकी वर्षं त्या मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांच्या हातात चिमटा देत, कापूस देत, "हो सर" म्हणत उभ्या होत्या. शेवटी कंटाळून त्यांनी स्वतःचा दवाखाना थाटला. सासूबाईंनी नको म्हटलं, ओळखीच्यांनी नको म्हटलं, आणि पेशंटांनीही बहुधा तेच ठरवलं, कारण एकही फिरकेना. पेशंटच्या खुर्चीवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"हल्ली लोक फोनवरून वेळ घेतात, वहिनी. तुम्हाला एक झकास पान करून देतो," असं शास्त्रज्ञ म्हणाला, आणि वहिनी फसल्या.

वेबपान बांधायला तयार सांगाडे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. शास्त्रज्ञाने आधी रिअ‍ॅक्ट शिकायला घेतलं. दवाखान्याचं नाव पडद्यावर आलं, घरभर पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. तेवढ्यात एका दाढीवाल्याने व्हिडिओत सांगितलं की शहाणी माणसं व्ह्यू वापरतात. शास्त्रज्ञाने सगळं पुसलं आणि व्ह्यू घेतलं. पुन्हा दवाखान्याचं नाव आलं. मग दुसऱ्या एका दाढीवाल्याने स्वेल्टचं कौतुक केलं. तिसऱ्यांदा नाव आलं, पण त्यापुढे गाडी काही सरकेना.

"अरे, नाव तर मी पाटीवर रंगवून आणलं असतं," आई म्हणाली.

"आई, तुला नाही कळायचं. पाया पक्का हवा."

"पायाच खणत बस तू. ही बिचारी पुन्हा त्या म्हाताऱ्याला चिमटे द्यायला जाईल."

वहिनींचं तसंच ठरत आलं होतं. "या महिन्यात पेशंट आले नाहीत, तर सरांकडे परत जाते," त्यांनी सांगून टाकलं. "आणि भावजी, आता फ्रेमवर्क बदललंत ना, तर तुमची अक्कलदाढ मी काढीन. भूल न देता."

दाढीवाल्यांना जे जमलं नव्हतं ते या दाढेने केलं. पान झालं. शास्त्रज्ञाने कुणाची तरी आयती लायब्ररी, म्हणजे तयार कोड, उचलून वेळ घ्यायच्या बटणांना नाचवलं होतं. त्यातलं पहिलं बटण, शनिवार सकाळी दहा, तर नुसतं उड्या मारायचं. त्याने आईला ते दाबायला लावलं. बटण करडं झालं, त्यावर 'भरलं' असं आलं.

"चालतंय!" शास्त्रज्ञ ओरडला.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण शास्त्रज्ञाला ती ठाऊक नव्हती. पान उघडायचं सगळ्यांकडे, पण चालायचं ज्याच्या त्याच्यापुरतं. कुणी वेळ घेतली की पान ती नोंद ज्याच्या त्याच्या फोनमध्येच ठेवायचं. दवाखान्याला पत्ता नाही, बाकीच्यांना पत्ता नाही. ज्याने पान उघडलं त्याला सगळ्या वेळा रिकाम्या दिसायच्या, आणि शनिवारचे दहा त्याच्यासमोर उड्या मारायचे.

शास्त्रज्ञाने आईची नोंद पुसली, लॅपटॉप दवाखान्यात नेऊन ठेवला आणि आजूबाजूच्या प्रत्येक इमारतीच्या दारात कागद चिकटवले. 'फोन करू नका. पानावर वेळ घ्या. पहिली तपासणी फुकट.' वहिनी तासातासाला लॅपटॉप उघडून बघायच्या. रिकामा. शुक्रवारपर्यंत रिकामाच.

शुक्रवारी दुपारी त्यांनी दार लावून घेतलं, मनसोक्त रडल्या, तोंड धुतलं आणि मोठ्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, सोमवारपासून येते."

"मी म्हटलंच होतं," मोठे डॉक्टर खुशीत म्हणाले. "आणि त्या खुर्चीचं काय करणार? नवी आहे म्हणे. उद्या येऊन बघून जातो. कधी येऊ?"

वहिनींनी लॅपटॉपकडे एक नजर टाकली. "कधीही या, सर. दहाला या."

शनिवारी मोठे डॉक्टर आले तेव्हा वहिनी आणि शास्त्रज्ञ दोघेही खाली मान घालून बसले होते. डॉक्टरांनी खुर्ची वर केली, खाली केली, प्लॅस्टिक उचकटून बघितलं. तेवढ्यात दारात एक बाई आली. गालावर हात.

"माझी दहाची वेळ आहे."

वहिनी दचकून उठल्या. बाईच्या मागून एक रिक्षावाला आला. "दहा माझे आहेत, ताई. हे बघा फोनवर."

"माझ्या पण फोनवर आहे!"

"व्हा बाजूला! मी दहाचा!" जिन्यातून कुणीतरी गरजलं. वाकून बघितलं तर जिना भरला होता, रांग खाली फुटपाथवर गेली होती, आणि प्रत्येकाच्या हातात फोन, फोनवर शनिवार सकाळी दहा. एक शिक्षिका रांग लावू बघत होती, पण तिलाही पहिलंच उभं राहायचं होतं. रांग बघून ज्यांचे दात ठणठणीत होते तेही उभे राहिले.

"एवढी गर्दी कसली हो?" रस्त्यावरून कुणी विचारलं.

"डॉक्टरीणबाई नामांकित आहेत. वेळ मिळत नाही त्यांची."

शास्त्रज्ञाच्या डोक्यात एकदाचा प्रकाश पडला आणि तो पडद्याआड लपला. "वहिनी, मला वाटतं, नोंदी ज्याच्या त्याच्या फोनमध्ये गेल्या..."

"भावजी, तुम्हाला नंतर बघते. आधी यांना बसवा!"

वहिनींनी बाह्या सारल्या. गालावर हात ठेवलेली बाई खुर्चीत बसली, आणि वहिनींनी सवयीने, न बघताच, हात पुढे केला.

"चिमटा."

शेजारी मोठे डॉक्टर उभे होते. तेही गांगरले होते. त्यांनी चिमटा दिला.

"कापूस. आरसा. नळी धरा, सर, अहो नीट धरा, लाळ साचतेय."

"हो," मोठे डॉक्टर म्हणाले.

दुपार उलटेपर्यंत ते "हो" म्हणत होते. गर्दी सरली तेव्हा त्यांनी हात धुतले आणि खुर्चीचा विषय न काढता निघाले. दारात थांबून म्हणाले, "सोमवारचं राहू द्या. तुम्हाला कसं जमणार आता?"

"नाही जमायचं, सर," वहिनी म्हणाल्या, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांनाच खाली बसावं लागलं.

शास्त्रज्ञाला मात्र लाज वाटली. आठवडाभर जागचा न हलता त्याने चूक शोधली, निस्तरली, नोंदी दवाखान्यात पोचवल्या. पुढच्या शनिवारी पेशंट घड्याळ लावल्यासारखे आले. एक आत, बाहेर कुणी नाही. जिना मोकळा, फुटपाथ मोकळा.

समोरच्या दुकानातला चष्मेवाला कळवळून विचारायला आला. "डॉक्टरीणबाई, बरं चाललंय ना? नाही, गर्दी दिसत नाही आता. लोक म्हणतायत, हात बिघडला की काय."

वहिनींनी त्याला वाटेला लावलं आणि दार लोटून घेतलं.

"भावजी, ती चूक परत घाला."

शास्त्रज्ञ कामाला लागला. दुपारभर त्याने कोड उलटा केला, सुलटा केला, व्हिडिओ बघितले. पान आधी बंद पडलं, मग हिरवं झालं, पण नोंदी काही केल्या दवाखान्यातच येत राहिल्या. शेवटी तो घामाघूम होऊन वहिनींसमोर उभा राहिला.

"नाही जमत, वहिनी. अशी मुद्दाम नाही करता येत ती," तो म्हणाला. "तेव्हा मी अगदी मनापासून केली होती."