साळवे सरांची गुणगुण

मुख्याध्यापकांचं भाषण संपलं की साळवे सर माझ्या कानाशी वाकायचे. "कदम सर, तोंड लई मोठं, पाय बी हायेत. पोट कुठंय?"

या प्रश्नातून त्यांनी कुणालाच सोडलं नाही. लग्नातल्या डीजेला विचारला, माझ्या बायकोच्या आमटीलाही विचारला. त्याचं मूळ मात्र त्यांच्या बास गिटारमध्ये. जाड आवाज म्हणजे पाय, टोकदार आवाज म्हणजे तोंड आणि मधला तो पोट. "हेवी मेटलच्या गाण्यात दोन गिटारी केकाटून राह्यल्या असतात. पोट कापलेला बास त्यात बुडतो बिलकुल. मंग मधलं बटन चढवायचं."

सर आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. मस्तगड भागात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. तरुणपणी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. वहिनी गेल्या तेव्हापासून एकटेच, आणि त्यांच्या संध्याकाळी त्या गिटारीच्या.

बासवर तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप असतात. दोन्ही पूर्ण उघडले की विजेची गुणगुण जाते. "पण पोट बी जातं!" म्हणून सर एकच उघडायचे आणि गुणगुणीशी भांडत बसायचे. ट्यूबलाइट बंद, पंखा बंद, भिंतीपलीकडचा आमचा फ्रिजही बंद. मग गिटार गळ्यात घालून खोलीत गोल फिरायचे. ज्या दिशेला गुणगुण सगळ्यात बारीक, तिथं फरशीवर खडूची खूण. घामाघूम होऊन, डोळे मिटून, त्याच दिशेला तोंड करून बसायचे. माझ्या बायकोची खात्री झाली की भाऊजींनी कसलं तरी अनुष्ठान धरलंय. तिनं एकदा गुपचूप दारात नारळ ठेवला. सरांनी त्याची चटणी केली.

माझ्या तेजसचा पुण्यात हेवी बँड आहे. मीच त्याला गळ घातली, एका गाण्यावर काकांना घे. सर हरखले. बासमध्ये नवी बॅटरी घातली, बटणं हवी तिथं फिरवून त्यांवर चिकटपट्टी मारली. "आता कलेक्टर आला तरी हात लावायचा न्हाई." घरीच बास रेकॉर्ड करून त्यांनी तेजसला पाठवला, आणि त्या आठवड्यात आमचं दूध रोज नासलं.

गाणं यायच्या आदल्या दिवशी तेजसचा फोन आला. "बाबा, काकांचा बास काढला. गुणगुण फार होती. कॉम्प्युटरवरचा टाकलाय. त्यांना सांगू नका, कळणार नाही त्यांना."

मी "बरं" म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन आले. माझ्या फोनला हेडफोन लावून त्यांनी गाणं ऐकलं. मग परत ऐकलं. चेहरा हलला नाही.

"काय सर, आलं ना पोट बराबर?" माझ्याच तोंडून हे निघालं.

त्यांनी तेजसला फोन लावायला सांगितलं. "बेटा, झकास! पोट बराबर बसलंय. शाबास." तिकडं तेजस सुटल्यासारखा हसला.

फोन ठेवल्यावर सरांनी मला पेढा दिला.

"कदम सर, शेवटी सगळे एकदम थांबतात ना, तिथं माझी गुणगुण यायला पाहिजे होती. लई स्वच्छ हाय तिथं."

"सर, मी..."

"राहू द्या. पोरगं खुशीत हाय. त्याला वाटू द्या, काकाला कळलं न्हाई."

परवा शाळेत मुख्याध्यापक तासभर बोलले. सर शेजारीच होते. मी कान पुढं करून बसलो. ते काहीच म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मी अजूनही फ्रिज बंद करतो. भिंतीपलीकडून काही येत नाही. थोडा वेळ तसाच उभा राहतो, तोवर बायको म्हणते, "चालू करा आता तो. उगंच दूध नासायचं."